शिट्टी आणि पाटी

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मेंडन नावाचं एक खेडं आहे. 27 जून 2022 च्या दुपारी पाऊणच्या सुमारास, लॉस एंजेलिसहून शिकागोला निघालेली ‘साउथवेस्ट चीफ’ ही प्रवासी गाडी या खेड्याजवळच्या फाटकावर दगड भरलेल्या डंपरवर आदळली. आठही डबे रुळांवरून उतरले आणि बरेचसे कुशीवर पडले. तीन प्रवासी आणि डंपरचा चालक असे चौघे गेले, दीडशेच्या आसपास माणसं जखमी झाली. फाटक म्हटलं खरं, पण तिथे गेट नव्हतं, लाल दिवा नव्हता, घंटाही नव्हती. शेतांमधून येणारा खडीचा रस्ता, रेल्वेची फुलीची पाटी आणि ‘थांबा’ असं सांगणारी दुसरी पाटी, एवढाच सगळा बंदोबस्त.

या अपघातावरून आमच्या घरात जो वाद झाला, तो इथे मांडतो आहे. वाद घालणारी दोन्ही माणसं आपापल्या धंद्यात मुरलेली आहेत. मामा भुसावळचे, हयातभर इंजिनावर. मेल-एक्स्प्रेसचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. ताई, माझी मोठी बहीण, कॅन्सस सिटीत रस्त्यांच्या आखणीचं काम करते. मेंडन तिच्या घरापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. उन्हाळ्यात ती आली होती आणि अपघाताच्या चौकशीचा अहवाल तिच्या फोनमध्ये होता. मामांनी चष्मा शोधायची तसदी घेतली नाही. त्यांना जे विचारायचं होतं ते मोजकंच होतं.

“पाटी होती?”

“होती.”

“गाडीनं शिट्टी दिली?”

“दिली. रेकॉर्डरमध्ये आहे.”

“वेग?”

“मर्यादा ताशी 90 मैलांची. गाडी 89 वर होती. म्हणजे 143 किलोमीटर.”

“मर्यादेच्या आत. मग झालं की! ट्रकवाला थांबला नाही. याच्यापुढे चौकशी कसली?”

ताईला हे उत्तर अपेक्षितच असावं. ती म्हणाली, “मामा, अहवालातलं पहिलं कारण तुमचंच आहे. चालक पाटी असूनही आणि गाडी येत असूनही थांबला नाही, का ते कळत नाही, असं तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं 2023 च्या ऑगस्टमध्ये लिहिलं. पण त्याला जोडूनच आणखी एक वाक्य आहे. फाटकाची रचनाच अशी होती की चालकाला येणारी गाडी दिसणं अवघड व्हावं, तीही अपघाताला हातभार लावणारी आहे.”

“हातभार,” मामा म्हणाले. “कारण नव्हे.”

मामांचं शब्दावर बरोबर बोट होतं. तिथल्या अहवालांत मुख्य कारण आणि हातभार लावणाऱ्या गोष्टी वेगळ्या लिहितात, आणि वकील मंडळी याच दोन कप्प्यांवर पोट भरतात. मेंडनच्या अपघातानंतर तीन दिवसांत गाडीची मालक ॲमट्रॅक आणि रुळांची मालक बीएनएसएफ या दोन्ही रेल्वे कंपन्यांनी डंपरच्या मालकावर दावा ठोकला होता. जखमी प्रवाशांनी उलट रेल्वे कंपन्यांना कोर्टात खेचलं, ते वेगळंच.

ताईनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन रेघा काढल्या. “हा रूळ, हा रस्ता. काटकोनात नाहीत, 45 अंशांत कापतात. अशा फाटकावर एका बाजूची गाडी बघायला ट्रकवाल्याला मान जवळजवळ पाठीपर्यंत वळवावी लागते. डंपरच्या केबिनमध्ये बसून वळवून बघा. मागची चौकट, आरसा, बाजूचा खांब, यातलं काही ना काही आड येतंच. आता रस्ता उभा कापून बघा. रूळ उंच भरावावर आहेत आणि रस्ता खालून चढत येतो. आमच्या पुस्तकातला नियम असा, की रुळापासून तीस फुटांपर्यंत रस्त्याची पातळी रुळापेक्षा तीन इंचांहून जास्त खालीवर नसावी. कशासाठी? गाडी सपाटीवर थांबावी, चालकाला दोन्हीकडे बघता यावं आणि मग चटकन निघता यावं, म्हणून. इथला चढ या नियमाच्या कितीतरी पटींनी जास्त होता.”

“असेना. चढावर थांबता येत नाही का? आपल्या घाटात ट्रक थांबतातच ना?”

“थांबतात. पण भरलेला डंपर चढावर थांबवून पहिल्या गिअरमध्ये पुन्हा उचलायचा आणि रूळ पूर्ण ओलांडायचे, याला किती वेळ लागतो? बारा सेकंद धरा. 143 च्या वेगानं गाडी सेकंदाला चाळीस मीटर येते. म्हणजे निघायच्या क्षणी जवळजवळ पाचशे मीटरपर्यंत रूळ मोकळा आहे, हे त्याला दिसायला हवं. न थांबता गिअर न बदलता चढलो तर रुळावर राहायचा वेळ कमी, हे रोज जाणाऱ्या प्रत्येक चालकाला कळतं. तुमची पाटी सांगते थांब आणि रस्ता सांगतो थांबू नकोस.”

हे वाक्य मला पटलं. मामांना नाही पटलं. त्यांनी कायदा काढला, तोही तोंडपाठ. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 131 : गेटमन नसलेल्या फाटकाशी आल्यावर चालकानं वाहन थांबवायचं, कंडक्टर, क्लीनर किंवा सोबत असलेल्या माणसानं खाली उतरून फाटकापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडे गाडी नाही याची खात्री करायची आणि मग वाहनाला वाट दाखवत पलीकडे न्यायचं. सोबत कुणी नसेल तर चालकानं स्वतः उतरून बघून यायचं.

“बघ,” मामा म्हणाले, “तुझा चढ नको, कोन नको. खाली उतर, चार पावलं चाल, बघ. आमच्या कायद्यानं तुझं सगळं भूमितीचं पुस्तक एका कलमात बसवलंय.”

“तो कायदा झाला तेव्हा प्रत्येक ट्रकवर क्लीनर असायचा. आता किती ट्रकांवर असतो? खर्च वाचवायचा म्हणून मालकांनी पहिला क्लीनर काढला. मिसुरीत तर तो कधीच नव्हता. आणि मला सांगा, तुमच्या अख्ख्या नोकरीत फाटकापाशी उतरून, रूळ बघून, परत गाडीत बसणारा ड्रायव्हर तुम्ही किती वेळा पाहिला?”

मामा थोडे थांबले. “एसटीचे कंडक्टर उतरायचे,” ते म्हणाले. “पूर्वी.”

इथून वादाला खरा रंग चढला, कारण मामा आता कायद्यावरून अनुभवावर आले. इंजिनाच्या काचेमागून फाटक कसं दिसतं, ते सांगू लागले. फाटकाआधी सहाशे मीटरवर ‘सी/फा’ची पिवळी पाटी लागते, तिथून शिट्टी धरायची ती फाटक ओलांडेपर्यंत. समोर रस्त्यावर धूळ उठलेली दिसते. धुळीच्या पुढच्या टोकाला ट्रॅक्टर आहे की जीप, एवढंही कळतं. तो थांबेल की नाही, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. प्रत्येक धुळीला ब्रेक लावत बसलं तर गाडी कुठेच पोहोचणार नाही, आणि तो खरंच पुढे घुसला तर ब्रेक लावून उपयोग नसतो. चोवीस डब्यांची गाडी शंभराच्या वेगात असेल तर इमर्जन्सी ब्रेक टाकूनही सात-आठशे मीटर, कधी त्याहून जास्त पुढे जाऊनच थांबते. “तुझ्या ट्रकवाल्याला निदान स्टिअरिंग आहे,” मामा म्हणाले. “आम्हाला शिट्टी आणि ब्रेक. शिट्टी त्याच्यासाठी असते आणि ब्रेक आपल्या समाधानासाठी.”

ताई यावर काही बोलली नाही, आणि बोलण्यासारखं नव्हतंही. चौकशीच्या कागदांत ड्रायव्हरची जागा फार लहान असते : वेग मर्यादेत, शिट्टी दिली, ब्रेक लावला. कुणाची तरी चूक आपल्या डोळ्यांसमोर घडताना बघत बसण्याचा रकाना त्यात नसतो. मामांचा ट्रकवाल्यांवरचा राग तिथून येतो, असं मला नेहमी वाटत आलं आहे. म्हणून तो राग न्याय्य ठरतोच असं नाही.

“पण मला हे सांग,” मामांनीच पुन्हा सुरुवात केली, “एवढं वाईट फाटक होतं, तर गावातलं कुणी बोललं नाही?”

“बोलले की! आजूबाजूचे शेतकरी कित्येक दिवस सांगत होते. झाडी वाढलीय, गाडी दिसत नाही, चढ फार आहे. अपघाताआधी थोडेच दिवस एकानं त्या फाटकाचा व्हिडिओसुद्धा लोकांपुढे टाकला होता. आणि राज्याला माहीत नव्हतं असंही नाही. त्याच वर्षीच्या राज्याच्या रेल्वे आराखड्यात या फाटकाचं नाव होतं. दिवे लावायचे, गेट बसवायचं, रस्ता सुधारायचा. अंदाज चार लाख डॉलर.”

“मग अडलं कुठे?”

“रस्ता काउंटीचा. आपल्या जिल्हा परिषदेसारखं समजा, पण लोकवस्ती सगळी मिळून आठ हजारांच्या आत. रूळ बीएनएसएफचे. त्यावरून धावणारी प्रवासी गाडी ॲमट्रॅकची. पैसे राज्याचे आणि केंद्राचे. पाच जणांनी मिळून एक गेट उभारायचं.”

मामा हसले. ज्यानं महाराष्ट्रात रेल्वेनं बांधून ठेवलेला मधला पूल आणि दोन्ही बाजूंना पोहोचरस्त्याची वाट बघत उभे खांब पाहिले आहेत, त्याला हे नव्यानं सांगावं लागत नाही.

“पण पाच जण होते म्हणून उशीर झाला, हे अर्धंच खरं,” ताई म्हणाली. “खरी अडचण रांगेची आहे. कुठलं फाटक आधी सुधारायचं, याचा हिशोब वाहनं आणि गाड्या मोजून करतात. तुमच्याकडेही तेच ना?”

“टीव्हीयू,” मामा म्हणाले. “चोवीस तासांतल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. आकडा लाखावर गेला की उड्डाणपुलाचा विचार.”

“मग ज्या रस्त्यावरून दिवसाला वीस ट्रॅक्टर जातात, त्या फाटकाचा नंबर कधी लागणार? कधीच नाही. शहराजवळचं फाटक कायम त्याच्या पुढे उभं. गुणाकाराला कोन कळत नाही, चढ कळत नाही, त्या आठवड्यात दगडांचे डंपर त्या रस्त्यानं फेऱ्या मारायला लागलेत हेही कळत नाही. मेंडनला तेच झालं. जवळच बंधाऱ्याचं काम चालू होतं, त्याच्यासाठी दगड जात होते. मोजणीच्या दिवशी जो रस्ता रिकामा होता, तो कामाच्या दिवसांत रिकामा नव्हता.”

माझ्या मते या सगळ्या वादातलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच. खेड्यातल्या फाटकावरच्या मृत्यूला आपण नेहमी ‘बेफिकिरी’ म्हणतो, कारण बेफिकिरीला चेहरा असतो आणि तो बहुधा मेलेला असतो. यादीला चेहरा नसतो.

मामा मात्र यादीवर अडून राहणारे नव्हते. त्यांनी कन्हानची आठवण काढली. 3 फेब्रुवारी 2005, नागपूरजवळ कन्हानला गेट नसलेल्या फाटकावर लग्नाचं वऱ्हाड घेऊन जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली गाडीखाली आली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. 2014 च्या जुलैत तेलंगणात मासाईपेटला शाळेची बस गाडीखाली सापडली. गाडी नांदेडहून सिकंदराबादला चालली होती. 2018 च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेची व्हॅन, तेरा मुलं. “त्या कुशीनगरच्या फाटकावर लोकांना सावध करायला नेमलेला गेटमित्र उभा होता,” मामा म्हणाले. “ओरडला, हात केले. व्हॅनवाला निघून गेला. यात तुझा कोन कुठे आला?”

“नाही आला. पण त्याच्यानंतर काय केलं रेल्वेनं? व्हॅनवाल्यांना समजावत बसली का?”

मामांना तिची चाल कळली, तरी उत्तर अभिमानाचं असल्यामुळे ते देण्यावाचून त्यांना राहवलं नाही. अनिल काकोडकरांच्या समितीनं 2012 मध्येच सांगितलं होतं, की सगळीच फाटकं, गेटमन असलेली आणि नसलेली, पाच वर्षांत नाहीशी करा. खर्च पन्नास हजार कोटी. सगळी काही झाली नाहीत. पण ब्रॉडगेजवरची गेटमन नसलेली फाटकं 2019 च्या जानेवारीअखेर संपली. कुठे गेट लागलं, कुठे भुयारी मार्ग झाला, कुठे दोन फाटकांचं एक केलं. एवढ्या मोठ्या देशानं हे करून दाखवलं आणि श्रीमंत अमेरिकेत अजून हजारो फाटकं पाटीवर चालतात, हे मामांनी दोनदा सांगितलं.

“म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय,” ताई म्हणाली. “माणूस तोच राहिला, फाटक बदललं आणि मरणं कमी झाली.”

“कमी झाली, बंद नाही झाली. 2025 च्या जुलैत तमिळनाडूत कुड्डलूरला काय झालं? गेटही होतं आणि गेटमनही. तरी शाळेची व्हॅन गाडीपुढे आली आणि तीन मुलं गेली.”

“ते फाटक सिग्नलशी जोडलेलं नव्हतं. गेट उघडं असताना गाडीला हिरवा सिग्नल मिळूच नये, ही व्यवस्था तिथे नव्हती. एका माणसाच्या फोनवरच्या बोलण्यावर सगळं सोडलं होतं. तुम्ही ट्रकवाल्याच्या जागी गेटमन आणून बसवलात, एवढंच.”

“बरं, मग बोदवड घे,” मामा म्हणाले. हा त्यांचा राखून ठेवलेला पत्ता होता आणि घरच्याच विभागातला होता. 14 मार्च 2025 च्या पहाटे मुंबई-अमरावती एक्स्प्रेस बोदवडजवळ गव्हाच्या ट्रकवर आदळली. माणूस कुणी दगावलं नाही, हे नशीब. “फाटक बंद केलेलं होतं. बंद! तरी ट्रक तिथून घुसला. आता याला काय आखणार आहेस तू?”

ताईनं लगेच उत्तर दिलं नाही. मग तिनं विचारलं, “बंद म्हणजे कसं बंद? रुळाच्या दोन्ही बाजूंचा डांबरी रस्ता उखडला होता का? चर खणला होता? की दोन लोखंडी खांब आणि एक पाटी?”

“ते मला माहीत नाही.”

“मला तेवढंच माहीत करून घ्यायचंय. रस्ता डोळ्यांना सरळ पुढे जाताना दिसत असेल, तर परगावचा ट्रकवाला रात्री त्याच रस्त्यानं जाणार. तो मूर्ख असेल, झोपेत असेल, प्यायलेलाही असेल. शंभरातला एक असा असतो, हे धरूनच रस्ता आखायचा असतो.”

“आणि उरलेल्या नव्याण्णवांनी त्याच्यासाठी पाच किलोमीटरचा वळसा घालायचा?”

हा टोला बसला. फाटक बंद करणं कागदावर सोपं असतं. आपल्याकडे फाटकाच्या बदल्यात जे कमी उंचीचे भुयारी मार्ग झाले, त्यांत पावसाळ्यात कमरेइतकं पाणी साचतं. उसाची भरलेली ट्रॉली किंवा कापणीचं यंत्र त्यातून जात नाही. शेत रुळाच्या दोन्ही अंगांना असलेल्या शेतकऱ्याला सुरक्षिततेची किंमत डिझेलमध्ये आणि वेळेत मोजावी लागते, आणि ती त्याला विचारून ठरवलेली नसते. ताईनं हे मान्य केलं. मेंडनचं ते फाटकही अपघातानंतर कायमचं बंद झालं. तिथल्या शेतकऱ्यांना गेट हवं होतं. मिळाला तो वळसा.

“बाकीच्या फाटकांचं काय झालं?” मामांनी विचारलं.

“राज्यानं पाच कोटी डॉलर काढले. प्रवासी गाड्यांच्या मार्गावरची गेट नसलेली 47 फाटकं निवडली. काही बंद करायची, काहींना दिवे आणि गेट. आधी चार लाखांसाठी रांग होती. चार माणसं मेल्यावर पाच कोटी निघाले.”

मामांनी गाडीतल्या लोकांबद्दल विचारलं. ताईनं सांगितलं, की गाडीत विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावची स्काउटची मुलं होती, न्यू मेक्सिकोतल्या शिबिरावरून घरी परतत होती. आडव्या पडलेल्या डब्यांच्या काचा फोडून त्यांनी माणसं बाहेर काढली. एक पंधरा वर्षांचा मुलगा डंपरच्या चालकाजवळ बसून होता, त्याला वाचवायचा प्रयत्न करत. मामांनी हे ऐकलं आणि पुन्हा वेगावर आले.

“143 ला, पाटीवर चालणाऱ्या फाटकावरून? आपल्याकडे 130 च्या वर जायचं तर फाटकंच काढायची, असं धोरण आहे.”

“तिथे 90 मैलांपर्यंत चालतं.”

“हे चूक आहे.”

“मग वेग कमी करा तिथे,” ताई म्हणाली. तिला बहुधा गंमत वाटत होती.

“वेग का कमी करायचा? एका खडीच्या रस्त्यासाठी गाडी साठवर आणायची आणि परत चढवायची? चार-पाच मिनिटं गेली. अशी दहा फाटकं आली की पाऊण तास. शिवाय मागच्या मालगाड्या तुंबणार.”

“त्या मार्गावर मालगाड्यांची रीघ असते. आणि रूळ मालगाडीवाल्यांचेच.”

“मग ते ऐकायचे नाहीत. त्यापेक्षा गेट लावा. चार लाख म्हणालीस ना? गाडीचं नुकसान किती झालं?”

“सुरुवातीचा अंदाज चाळीस लाख डॉलर.”

“म्हणजे दहा गेटं.”

“तसा हिशोब कुणी करत नाही, मामा. गाडीचं नुकसान ॲमट्रॅकच्या वहीत, रुळाचं बीएनएसएफच्या, गेटचा खर्च राज्याच्या आणि रस्ता काउंटीच्या.”

मामांनी वर्तमानपत्र ओढून तिच्या दोन रेघांकडे पाहिलं. “तरी त्यानं थांबायला हवं होतं,” ते म्हणाले.

“हवं होतं. आणि थांबता येईल असा रस्ताही हवा होता.”

“आधी थांबणं.”

“आधी रस्ता.”